निचऱ्याची जमीन

मुऐदर, दोहा
एप्रिल २००५

प्रिय बबीता,

"धरून ठेवलं की मुळं कुजतात, मम्मी." हे तू म्हणाली होतीस. तुला आठवतही नसेल. लग्नानंतर अलास्काला जाताना तू आणि केविन आठवडाभर आमच्याकडे थांबला होतात, तेव्हाची गोष्ट. वसईहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेला माझा कढीपत्ता पिवळा पडला होता. खालच्या मन्सूरच्या गाडीवर पाणी ठिबकतं म्हणून मी सगळ्या कुंड्यांची भोकं सिमेंटने बुजवली होती आणि वरून रोज तांब्याभर पाणी ओतत होते. तू कुंडी आडवी केलीस, पप्पांचा स्क्रूड्रायव्हर मागितलास आणि नवी नवरी असून गॅलरीत फतकल मारून कुंडीच्या बुडाला भोक पाडायला बसलीस. काळं, वास मारणारं पाणी लादीभर पसरलं. केविन ओरडला, "मम्मी, शी इज ऑपरेटिंग!" आणि तू मान वर न करता ते वाक्य म्हणालीस. वर म्हणालीस, "निचरा पाहिजे." आमच्या वाडीत पाणी पळतंय की नाही एवढंच विचारायचे, त्यामुळे मला वाटलं तू कचरा म्हणालीस, आणि मी केरसुणी आणायला उठले. तुम्ही दोघं किती हसलात! केविन तर त्यानंतर दर फोनला विचारायचा, "मम्मी, हाऊ इज द कचरा?"

कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो. परवा धुळीचा शमाल सुटला होता, दोन दिवस आकाश मातकट होतं, खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावूनही घरभर धूळ. सकाळी उठून मी आधी त्याचा फोटो पुसते, मग कढीपत्त्याची पानं, मग बाकीचं घर. इतकी पानं येतात की क्लिनिकमध्ये पुड्या करून वाटते. माझी मुळं मात्र कुजली आहेत, बबीता. नोव्हेंबरपासून माझ्यातून काहीच पळत नाही. लोक म्हणतात, रड, मोकळी हो. मी रडतेही. पण ते आतच कुठेतरी साठून राहतं, त्या कुंडीतल्यासारखं.

फोनवर आपल्या दोघींना बोलता येत नाही. "ऐकू येतंय ना?" "हो, ऐकू येतंय." मग तू गप्प, मी गप्प, आणि ती फोनच्या कार्डातली बाई सांगते की एकच मिनिट उरलं. म्हणून लिहायला बसले. आमच्या क्लिनिकमधली सुचित्रा पुढच्या आठवड्यात तिच्या भावाकडे न्यू जर्सीला चालली आहे, ती तिथून टपालात टाकेल. आणि घाबरू नकोस. वसईचं मी पुन्हा विचारणार नाही. दोनदा विचारलं, दोनदा तू नाही म्हणालीस. दुसऱ्यांदा तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. मी म्हटलं होतं, त्याला पाठवून दे गं, आम्ही इथून पोचतो मागोमाग. आणि तू म्हणालीस, "मम्मी, तो पार्सल नाहीये."

पार्सल. तो शब्द तू मुद्दाम वापरलास की तुझ्या तोंडून गेला, मला माहीत नाही. पण मला हसू आलं, खरंच, रडता रडता. कारण सगळं पार्सलापासूनच सुरू झालं होतं. पप्पा तेव्हाही दुखानलाच कामाला होते, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. एकदा सोबत तुझ्या वडिलांना घेऊन आले. "हा मच्छिंद्र, आमच्याकडे वेल्डर आहे, नगरकडचा. याची मुलगी पुण्याला शेतकी कॉलेजात शिकते. केविन पुण्याला जातोच आहे तर जरा सामान नेईल." तुझे वडील दारातच उभे. बूट काढले, पण आत येईनात. पांढऱ्या कापडात शिवलेलं ते गाठोडं, त्यावर निळ्या पेनाने तुझं नाव, आत दूध पावडर, टँगचे डबे, एक जाड ब्लँकेट आणि बाम. केविनने नाक मुरडलं होतं, माझं वीस किलो हेच खाऊन टाकेल म्हणून. पप्पा म्हणाले, "यल्ला, चल, गल्फमध्ये राहतोस, दुसऱ्याचं सामान नाही नेणार तर कोण नेणार?" तर पाठवलं आम्हीच. तुझ्या हॉस्टेलच्या दाराशी आमच्या हातानेच पोचतं केलं त्याला.

त्याला मराठी बोलायला तू शिकवलंस. आम्ही सोळा वर्षं घरात मराठी बोललो, तो इंग्रजीत उत्तरं देत राहिला. तुझ्याबरोबर एक वर्ष राहून फोनवर "मम्मी, काय चाललंय?" म्हणायला लागला, तेही तुझ्या गावच्या हेलात! पप्पांना वाटलं राँग नंबर.

आणि मग ती माती. तू अलास्काला तिचा अभ्यास करायला गेलीस आणि तो तुझ्यामागे गेला, तुझ्या खड्ड्यांत उतरून फावडं मारायला. मला वाटायचं, एवढं इंजिनिअर करून हे काय? पण त्याचे फोन ऐकून मला उलगडायला लागलं. त्याने मला ती माती शिकवली, बबीता. तू त्याला, त्याने मला. म्हणायचा, मम्मी, ही माती तिथली नव्हेच, वाऱ्याने आणलेली आहे. फार पूर्वी हिमनद्या वितळायच्या, नद्यांच्या पात्रांत दगडाचं पीठ उघडं पडायचं, आणि वारा ते उचलून डोंगरांच्या उतारावर टाकायचा. चिमूट चिमूट करत माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट थर झाला. मी म्हटलं, मग आपल्या दोह्याची धूळ का नाही बसत अशी? तर म्हणाला, इथे बसलेलं धरायला काही नाही, तिथे शेवाळ आहे, बर्चची मुळं आहेत. त्यांनी वाऱ्याचं धरून ठेवलं.

गेल्या वर्षी कुणाच्या तरी हाती त्याने मला तुमच्या लाडक्या टेकडीवरची माती पाठवली होती, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत. माझ्या उशाशी असते. बोटांत चोळली तर मैद्यासारखी. पाण्याचा थेंब टाकला की मऊ होते, पण चिकटत नाही. तू पोयटा म्हणतेस ना, तुमच्या नदीकाठचा, तसली. एक खडा नाही त्यात. उन्हात धरली की बारीक अभ्रक चमकतं. वरची माती तपकिरी, खालची राखाडी, त्याने डबीत दोन्ही भरली होती, मध्ये कागदाची चकती घालून. हलवून हलवून ती मीच मिसळून टाकली. तो म्हणायचा, "इट कट्स लाइक केक, मम्मी." फावड्याने कापली की भिंत सरळ उभी राहते, ढासळत नाही. कितीही खोल जा.

हे मी का उगाळत बसले आहे, तुला कळत असेल. मे महिन्याच्या शेवटी त्याच मातीत तुम्ही त्याला ठेवणार आहात. नोव्हेंबरात गाडी घसरून तो गेला तेव्हा जमीन गोठून दगड झाली होती, त्या टेकडीवरच्या लहानशा दफनभूमीत थंडीत खणत नाहीत, म्हणून तो अजून वाट बघतोय. एवढे महिने. कुठल्या तरी थंड खोलीत. मी ब्लँकेटखाली झोपू शकत नाही, बबीता. एसी सुरू झाला की बंद करते. पप्पा घामाघूम होतात. उठून गॅलरीत जाऊन बसतात.

पप्पांनी वसईला फोन करून त्यांच्या वडिलांची कबर उघडून घेतली होती, तुला सांगितलं नव्हतं. तुमच्यात हे नसतं, म्हणून नीट लिहिते. आमच्याकडे प्रत्येकाला वेगळी जागा नसते. घराण्याची एक कबर. खाली रेताड जमीन, ती माणसाला लवकर मातीत मिळवते. काही वर्षांनी घरातलं दुसरं कुणी गेलं की तीच कबर उघडतात, आधीच्याची हाडं गोळा करून बाजूला नाहीतर पायाशी ठेवतात आणि नव्याला तिथेच निजवतात. माझ्या सासऱ्यांच्या पायाशी त्यांच्या आईची हाडं आहेत. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आता वाटतं, केवढी मोठी सोय आहे ती. कुणीच एकटं नसतं. खालच्याला ठाऊक असतं की आपल्यावर कुणीतरी येणार आहे. पप्पांनी ती जागा केविनसाठी तयार ठेवली, आणि तू नाही म्हणालीस तेव्हा परत फोन करून बुजवायला सांगितली. त्या वेळी एवढंच म्हणाले, "खलास." त्यानंतर गाडी धुवायला खाली गेले. शमाल सुटलेला असताना.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याने तुला सांगितलं होतं ना, ती टेकडी दाखवून? तुम्ही तिथे जेवणाचे डबे घेऊन बसायचात, तिथून नदी दिसते, आणि तो म्हणाला होता, आय वुड नॉट माइंड स्टेइंग हिअर. जिवंत माणूस असं काहीही बोलतो. पण त्याचं शेवटचं बोलणं तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि तुमच्यात तर जाळतात. तू त्याच्यासाठी पुरणं निवडलंस, हे मी मिस्सेच्या प्रार्थनेत गुडघ्यावर बसून कितीदा देवाला सांगितलं आहे.

मागच्या शुक्रवारी तुझे वडील आले होते. तुला सांगू नका म्हणाले, पण मी सांगते. दुखानहून कुणाच्या तरी गाडीत बसून आले, या खेपेला दारात थांबले नाहीत, सरळ आत येऊन त्याच्या फोटोपुढे उभे राहिले. मी चहा ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, आमच्यात तीन दिवसांत समदं नदीला जातं. मागं काय राहत न्हाई. तुमचं बरं हाय, मानूस जाग्यावर ऱ्हातो. पर जागा लांब पडली वो." जाताना त्यांनी विचारलं, "पोरगी तिथंच ऱ्हाईल का वो आता, त्या दगडापाशी?" आणि माझ्याकडे न बघता बूट घालत बसले.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तू मला मार्चमध्ये सांगितलंस ते. मीच विचारत होते खोदून खोदून. तिथे कायमची गोठलेली जमीन असते म्हणतात, मग माझा मुलगा तसाच राहील का, वर्षानुवर्षं, बर्फातला? तू किती धीराने समजावलंस! खालच्या सपाटीला आहे गोठलेली, तिथे घरंसुद्धा कलतात. पण ही टेकडी दक्षिणेला तोंड करून आहे, ऊन मिळतं, उन्हाळ्यात सगळी उकलते, पाणी थांबत नाही, निचऱ्याची जमीन आहे. तो मातीत मिळेल, मम्मी, हळू, पण मिळेल. माझं अर्धं दुःख हलकं केलंस. आणि मग खरं बोलायची तुझी सवय नडली. म्हणालीस, फक्त वरचा थर दर हिवाळ्यात गोठून फुगतो, या मातीचा तो स्वभाव आहे, त्यामुळे क्रूस दरवर्षी थोडा वर ढकलला जाईल, कलेल. "मी दर उन्हाळ्यात जाऊन सरळ करीन ना. मी आहेच इथे. माझी जागापण त्याच्यावरच ठेवायची म्हणतेय, दफनभूमीवाले म्हणाले खोल खणलं तर दोघं मावतात."

फोन ठेवून मी ओटा पुसायला घेतला. अठ्ठावीस वर्षांची मुलगी स्वतःची कबर मोजतेय! मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मुलावर कुणी एवढं प्रेम केलं. पण आता ते आठवलं की मला तुझ्या वडिलांचे बूट दिसतात.

मी येऊ शकत नाही, बबीता. हे तुला अजून सांगितलेलं नाही. आमच्या क्लिनिकचा शफीक, सरकारी कामं बघतो तो, त्याने इथून बाहेर पडायचा कागद माझ्यासाठी एका सकाळीत आणून दिला. अमेरिकेच्या व्हिसाचं मात्र माझ्यामुळेच बिघडलं. काचेपलीकडची बाई वाईट नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, सॉरी म्हणाली, आणि मग तिचा प्रश्न विचारला, परत यायचं काय कारण आहे तुमच्याकडे? शफीकने पढवून पाठवलं होतं, नवरा म्हण, नोकरी म्हण, घर म्हण. मी खरंच विचार करायला लागले. खूप वेळ विचार केला. आणि मला एकही कारण सुचेना. मी म्हटलं, माहीत नाही. तिने पासपोर्ट काचेखालून परत सरकवला. पप्पा बाहेर गाडीत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी गाडी सुरू केली, आणि मी त्यांना सांगितलं नाही की तिथे मला त्यांचं नावसुद्धा आठवलं नव्हतं. पुन्हा अर्ज केला, तोही परत आला. आता मे महिन्याच्या आत काही होत नाही.

शफीकला माझ्याहून जास्त वाईट वाटलं. तो पेशावरचा, त्याला चेष्टा केल्याशिवाय सांत्वन करता येत नाही. म्हणाला, "बाजी, यह दुनिया का कानून उल्टा है. ज़िंदा को सौ सवाल, मुर्दे को कोई नहीं पूछता. डिब्बे में जाओ तो वीज़ा ही नहीं लगता." आणि मग जीभ चावून "अस्तग़फ़िरुल्लाह, माफ़ करना" म्हणत कान पकडले. मी त्याला माफ केलं. पण ते वाक्य घरी घेऊन आले, बबीता. जेवताना तेच. मिस्सेत तेच.

या पत्रासोबत ती काळी डबी आहे. चिमूटभर मी माझ्याकडे ठेवली, बाकीची परत पाठवते. आमच्याकडे मूठमाती देताना आईची मूठ पहिली. ती माझ्या वाटची तू टाक, उजव्या हाताने, आणि टाकताना ही मम्मीची मूठ म्हणून त्याला सांग. तुझी नाही, माझी. त्याला कळेल. आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे; तू दोनदा नाही म्हणालीस तेव्हाही तुझा आवाज चढला नव्हता, याही वेळी चढणार नाही, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. खड्डा खोलच खणायला सांग. माती सरळ उभी राहते, दगड लागत नाही, तूच म्हणतेस. पण त्याच्यावरची जागा स्वतःच्या नावाने ठेवू नकोस. माझ्या नावाने ठेव. मला त्या टेकडीवर जिवंत येऊ दिलं नाही, मेल्यावर येईन, कुणाच्या तरी सामानातून का होईना. मी काही आजारी नाही, कुठलं वेडंवाकडंही करणार नाही, उगीच पप्पांना फोन करू नकोस. माझी वेळ येईल तेव्हा येईल. तोवर क्रूस कलला तर कलू दे, कुणीतरी करील सरळ, नाहीतर तसाच राहील. तू तिथून नीघ. कुठेही जा, दुसऱ्या मातीचा अभ्यास कर, तुझ्या दारात दुसरं पार्सल घेऊन कुणी येऊ दे. माझ्या मुलाला धरून बसू नकोस. धरून ठेवलं की काय होतं ते मला तूच सांगितलं होतंस. वरची जागा मला दे, बबीता.

तुझीच,
मम्मी